‘बख्त बुलंद’ : एका नावाचा अर्थ, उगम आणि त्याचे वाचन

नागपूर शहराचा संस्थापक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो देवगढचा गोंड राजा बख्त बुलंद शाह पांढुर्णा आणि सौंसर परिसराला परका नाही. देवगढचा किल्ला छिंदवाडा जिल्ह्यातील मोहखेड तहसिलीत आहे. तेथून नागपूरकडे जाताना सातपुड्याचा घाट उतरला की जो मराठी बोलणारा मुलूख लागतो, तो या राज्याच्याच छायेत वाढला. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात पांढुर्णा व सौंसर या तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याचा इतिहास शिकवायला घेतला की बख्त बुलंद हे नाव लवकरच समोर येते आणि त्याचा अर्थ काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांकडून येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाला साधारणतः तीन प्रकारची उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर मुलांच्या नावांच्या पुस्तिकांच्या धाटणीचे असते : नाव मुस्लिम आहे, म्हणून अरबी आहे आणि अर्थ ‘भाग्यवान’. दुसरे उत्तर ऐकीव असते : मूळ नाव ‘भक्त बुलंद’, कारण राजा मोठा भक्त होता. तिसरे उत्तर अर्थाचे नसून निवाड्याचे असते. कोणी म्हणतात, नाव मुसलमानी आहे म्हणून हा राजा गोंडांचा नव्हे. तर कोणी म्हणतात, राजा गोंड होता म्हणून हे नाव त्याच्यावर लादलेले आहे, ते खरे नव्हे. प्रस्तुत लेखात या तिन्ही उत्तरांची तपासणी करावयाची आहे.

ही तपासणी केवळ शब्दांच्या हौसेखातर नाही. आपल्या महाविद्यालयांतून गोंड, मुस्लिम, कुणबी, पवार अशा अनेक घरांतील मुले एकाच बाकावर बसतात. नावाच्या चुकीच्या अर्थावरून त्यांच्यापैकी एकाला सांगितले जाते की हा राजा तुझा आहे आणि दुसऱ्याला सांगितले जाते की तुझा नाही. एवढा मोठा निष्कर्ष ज्या शब्दांवर उभा केला जातो, ते शब्द तो भार पेलतात का, हे पाहणे शिक्षकाचे काम आहे.

शब्द कोणत्या भाषेचे?

‘बख्त’ आणि ‘बुलंद’ हे दोन्ही शब्द फारसी आहेत. ‘बख्त’ हा शब्द अरबीतही आढळतो. परंतु तो तेथे फारसीतून गेलेला आहे. इराणी भाषांतील ‘बग्’, म्हणजे वाटणे, हिस्सा देणे, या धातूपासून हा शब्द बनला. ‘बख्त’ म्हणजे मुळात ‘वाटून दिलेले, वाट्याला आलेले’ आणि त्यावरून ‘नशीब’. इराणी आणि संस्कृत या भाषा एकाच कुळातील असल्याने या धातूचे भावंड संस्कृतातही आहे. ते म्हणजे ‘भज्’. भाग, भाग्य, विभक्त हे सारे शब्द त्याचेच. एखाद्या कुटुंबाचे वाटे झाले की आपण ‘विभक्त झाले’ म्हणतो, तेथे ‘भज्’ चा हा जुना अर्थ अजून जिवंत आहे.

‘बुलंद’ म्हणजे उंच. हा शब्द इस्लामपूर्व काळातील मध्ययुगीन फारसीतही होता आणि त्याचे प्राचीन रूप अवेस्तेच्या भाषेत सापडते. त्याचे संस्कृत भावंड ‘बृहत्’ होय. मराठीत ‘बुलंद आवाज’ आपण रोज म्हणतो, तसेच फत्तेपूर सिक्रीचा बुलंद दरवाजाही सर्वांच्या परिचयाचा आहे.

तेव्हा ‘बख्त बुलंद’ म्हणजे ‘ज्याचे नशीब उंच आहे तो’. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर हा बहुव्रीही समासासारखा प्रकार आहे, जसा ‘लंबोदर’ किंवा ‘नीलकंठ’. या नावाचा गोतावळाही मोठा आहे. दिल्लीचे तेराव्या शतकातील सूफी संत कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्या नावातील ‘बख्तियार’ म्हणजे ‘नशीब ज्याचे यार आहे तो’. १८५७ च्या उठावात दिल्लीत सेनापती झालेला बख्त खान आणि बहादुरशहा जफरचा पुत्र जवां बख्त ही आणखी दोन उदाहरणे. याच्या उलट ‘कमबख्त’ ही शिवी मराठी माणसालाही समजते. म्हणजेच ‘बख्त’ हा शब्द आपल्या कानाला नवा नाही. फक्त तो आपण रागाच्या प्रसंगी वापरतो.

यावरून पहिल्या उत्तरातील दोष लक्षात येतो. नावांच्या पुस्तिकांची पद्धत अशी असते की एका रकान्यात नाव, दुसऱ्या रकान्यात एका शब्दाचा अर्थ आणि मुस्लिम नाव म्हटले की उगम अरबी. यात दोन गोष्टी हरवतात. एक म्हणजे भाषा. भारतीय मुसलमानांच्या नावांत अरबीइतकाच फारसीचा आणि काही प्रमाणात तुर्की व देशी भाषांचा वाटा आहे. फिरोज, परवेज, शहनवाज, जहांगीर ही नावे अरबी नव्हेत. दुसरी गोष्ट म्हणजे अर्थातील चित्र. ‘भाग्यवान’ हा अर्थ चुकीचा नाही. पण त्यात ‘उंच’ हा शब्द गळून पडतो आणि पुढे आपण पाहणार आहोत की या नावाच्या इतिहासात नेमका हाच शब्द निर्णायक ठरला.

येथे धर्माच्या अंगानेही एक खुलासा आवश्यक आहे. नाव चांगल्या अर्थाचे असावे, ही इस्लामी परंपरेची अपेक्षा आहे. पैगंबर साहेबांनी (स.) ‘आसिया’, म्हणजे अवज्ञा करणारी, हे एका स्त्रीचे नाव बदलून ‘जमीला’ ठेवले, असे हदीसमध्ये आले आहे. अपेक्षा अर्थाची आहे. नाव अरबीच असावे अशी अट नाही. याच उदाहरणात देवनागरीपुरती एक अडचणही दिसते. फिरऔनच्या श्रद्धाळू पत्नीचे नावही आपण ‘आसिया’ असेच लिहितो. अरबी लिपीत ही दोन नावे वेगळ्या अक्षरांनी लिहिली जातात आणि त्यांचे अर्थही भिन्न आहेत. एकीचे नाव बदलले गेले, दुसरीचे नाव आजही आवडीने ठेवले जाते. केवळ देवनागरी अक्षरे पाहून अर्थ सांगणारी पुस्तिका अशा ठिकाणी पालकांची हमखास दिशाभूल करते.

बख्त, बखत आणि भक्त

दुसरे उत्तर ‘भक्त बुलंद’ या रूपाचे आहे. बोलण्यात आणि कधी कधी छापील मजकुरातही हे रूप दिसते. ते कसे तयार झाले असावे, याचा उलगडा आपल्या बोलीतून होतो.

मराठी जिभेला शब्दाच्या शेवटी ‘ख्त’ हे जोडाक्षर अवघड जाते. अशा वेळी ती दोनपैकी एक वाट धरते. पहिली वाट म्हणजे मध्ये स्वर घालणे : सख्त चे ‘सखत’, तख्त चे ‘तखत’. तसेच बख्त चे ‘बखत’ होते. परंतु वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या बोलीत ‘बखत’ हा शब्द आधीच ठाण मांडून बसलेला आहे. ‘त्या बखती’, ‘एक बखत’ असे आपण म्हणतो तेव्हा तो अरबी ‘वक्त’, म्हणजे वेळ, या शब्दाचा अवतार असतो. एक शब्द अरबी, दुसरा फारसी. एकाचा अर्थ वेळ, दुसऱ्याचा नशीब. पण बोलीत दोघांचे रूप एकच. म्हणून ‘बखत बुलंद’ असे ऐकणाऱ्याला ‘वेळ चांगली असलेला’ असा अर्थ वाटला तर त्यात नवल नाही. तो अर्थ नशिबापासून फार दूरही पडत नाही. मात्र व्युत्पत्ती म्हणून तो चुकीचा आहे.

दुसरी वाट म्हणजे महाप्राणाची अदलाबदल. ‘ख’ मधील हकार सरकून ‘ब’ ला चिकटला की ‘बख्त’ चे ‘भक्त’ होते. शिवाय ‘भक्त’ हा ओळखीचा आणि आदराचा शब्द. अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचे रूप देणे ही सर्वच भाषांची खोड आहे. म्हणून ‘भक्त बुलंद’ हे मूळ नाव नसून लोकांनी आपल्या कानाप्रमाणे केलेले वाचन आहे.

या चुकीत एक गंमत मात्र आहे. वर सांगितल्याप्रमाणे ‘बख्त’ चा इराणी धातू आणि ‘भक्त’ चा संस्कृत धातू हे भावंडच आहेत. संस्कृतात ‘भक्त’ याचा मूळ अर्थ ‘वाटून दिलेले’ असाच होता; ‘उपासक’ हा अर्थ नंतर आला. वाट्याला आलेले अन्न या अर्थाच्या ‘भक्त’ शब्दापासूनच मराठीतला ‘भात’ निघाला. म्हणजे ‘बख्त’ आणि ‘भात’ हे दूरचे नातलग ठरतात. हे नाते सांगताना शिक्षकाने एक मर्यादा पाळावी : दोन शब्दांचे पूर्वज एक असणे निराळे आणि राजाचे नाव ‘भक्त’ असणे निराळे. हजारो वर्षांपूर्वीच्या नात्यावरून सतराव्या शतकातील माणसाचे नाव बदलता येत नाही.

किताब आणि त्याचा उलटा

आता तिसऱ्या, अधिक गंभीर उत्तराकडे वळू. त्यासाठी हे नाव आले कोठून, ते पाहिले पाहिजे.

देवगढच्या गोंड राज्याचा पाया घालणारा जाटबा हा अकबराचा समकालीन होता आणि त्याचा उल्लेख आईन-ए-अकबरीत आला आहे. पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात देवगढच्या गादीसाठी भाऊबंदकी सुरू झाली. गादीचा एक दावेदार मदत मागण्यासाठी औरंगजेबाकडे गेला, त्याने इस्लामचा स्वीकार केला आणि १६८६ च्या सुमारास बादशहाच्या पाठिंब्याने तो देवगढचा राजा झाला. त्याला मिळालेला किताब म्हणजे ‘बख्त बुलंद’. हे जन्मनाव नव्हते, तो दरबारी किताब होता आणि पुढे तोच नाव म्हणून रूढ झाला.

किताबातील शब्दांकडे नीट पाहावे. धर्मांतराच्या प्रसंगी मिळालेला असूनही त्यात धर्माचा एकही शब्द नाही. ‘अब्द’ नाही, ‘दीन’ नाही, ‘इस्लाम’ नाही. आहे ते नशीब आणि उंची. म्हणजे राजसत्तेची भाषा. मोगल घराण्यात स्वतःच्या मुलांना अशी नावे देण्याची पद्धत होती. औरंगजेबाचा नातू आणि आझमशहाचा मुलगा बेदार बख्त हा १६७० मध्ये जन्मला. त्याच्या नावाचा अर्थ ‘ज्याचे नशीब जागे आहे तो’. देवगढच्या राजाला याच घडणीचा किताब मिळाला. तो मान होता आणि मांडलिकत्वाची खूणही होती. कारण नशीब उंच करणारा जो असतो, तो ते खालीही आणू शकतो, असा त्यात गर्भितार्थ असतो.

तसेच झाले. औरंगजेब दक्षिणेत मराठ्यांशी लढण्यात गुंतलेला असताना बख्त बुलंदने मोगल मुलखावर स्वाऱ्या सुरू केल्या. बादशहा संतापला आणि या राजाला यापुढे ‘बख्त बुलंद’ न म्हणता ‘निगून बख्त’ म्हणावे, असा हुकूम त्याने काढल्याचे नोंदले गेले आहे. त्याच्या पारिपत्यासाठी जो शहाजादा नेमला गेला, तो वर उल्लेखिलेला बेदार बख्तच होता. उंच नशिबाचा, उलट्या नशिबाचा आणि जाग्या नशिबाचा, अशी तीन नावे एकाच शब्दाभोवती एकाच प्रसंगात गोळा झाली.

इंग्रजी राजवटीतील गॅझेटियरने ‘निगून बख्त’ चा अर्थ ‘हलक्या नशिबाचा’ अशा आशयाने दिला आणि पुढील अनेक लेखकांनी तोच उचलला. या भाषांतराने मूळचा डंख बोथट होतो. फारसीत ‘निगून’ म्हणजे उलटा पडलेला, पालथा. ‘बुलंद’ वर जाणारा, ‘निगून’ डोके खाली झालेला. बादशहाने शब्द बदलला नाही, त्याची दिशा बदलली. ज्या पुस्तिका ‘बख्त बुलंद’ चा अर्थ नुसता ‘भाग्यवान’ असा देतात, त्यांच्या वाचकाला हा प्रसंग समजणारच नाही.

येथे कुरआन शरीफच्या सूरह अल-हुजुरात मधील अकराव्या आयतीची आठवण होते. एकमेकांना वाईट उपनावांनी संबोधू नका, अशी आज्ञा त्यात आहे. राजकीय रागातून दिलेले ‘निगून बख्त’ हे नाव या कसोटीवर कोठे बसते, हे सुज्ञ वाचकांना सांगणे नको. लोकांनी त्या हुकमाचे काय केले, हे अधिक महत्त्वाचे. आज ‘निगून बख्त’ हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांखेरीज कोणाला ठाऊक नाही. १७०२ मध्ये बारा वस्त्या एकत्र करून ज्याने नागपूर वसविले, त्याला लोक ‘बख्त बुलंद’ याच नावाने ओळखतात. बादशहाने दिलेला किताब बादशहाने परत घेतला. लोकांनी तो घेऊ दिला नाही. म्हणून ‘हे नाव लादलेले आहे’ असे म्हणणाऱ्यांनी विचार करावा : ज्याने ते दिले, त्याच्याच इच्छेविरुद्ध ते टिकले आहे.

घराण्यातील नावे काय सांगतात?

‘नाव मुसलमानी, म्हणून राजा परका’ हे म्हणणे याच घराण्याची इतर नावे वाचली की टिकत नाही. बख्त बुलंदचा पुत्र चांद सुलतान. यातील ‘चांद’ हा संस्कृत ‘चंद्र’ पासून प्राकृतातून आलेला देशी शब्द, तर ‘सुलतान’ अरबी. त्याच्या मृत्यूनंतर गादी बळकावणारा वली शाह. ‘वली’ हा अरबी शब्द, अर्थ मित्र किंवा पालक. तेव्हा मदतीसाठी वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना बोलावणारी चांद सुलतानची विधवा राणी रतनकुंवर; नाव पूर्णपणे देशी. ज्यांच्या हक्कासाठी ती उभी राहिली ते अकबर शाह आणि बुरहान शाह. ‘अकबर’ म्हणजे सर्वांत मोठा, ‘बुरहान’ म्हणजे प्रमाण, पुरावा, दोन्ही अरबी. एका घरात फारसी, अरबी आणि देशी नावे शेजारी शेजारी नांदत होती. धर्मांतरानंतरही या घराण्याच्या सोयरिकी गोंड समाजाशी होत राहिल्याचे जुन्या नोंदी सांगतात. १७४३ मध्ये सत्ता रघुजी भोसल्यांकडे गेली आणि बुरहान शाह नागपुरात पेन्शनर राजा म्हणून राहिला, तेव्हाही हे घराणे ‘गोंड राजा’ म्हणूनच ओळखले जात होते.

नावाच्या शेवटच्या ‘शाह’ वरूनही निष्कर्ष काढण्याची घाई होते. ‘शाह’ हा फारसी शब्द, अर्थ राजा. गढा-मंडल्याचे संग्राम शाह, राणी दुर्गावतीचे पती दलपत शाह हे गोंड राजे मुसलमान नव्हते. तरी त्यांनी तो शब्द धारण केला. इकडे महाराष्ट्रात मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या नावावरून आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा प्रसिद्ध आहे. शब्दाची भाषा एक, तो धारण करणाऱ्याचा धर्म दुसरा आणि तो आपला म्हणणारा समाज तिसरा असू शकतो. आपल्या इतिहासात असे वारंवार घडले आहे.

अध्यापकांसाठी काही सूचना

वरील विवेचनावरून असे दिसते की कोणत्याही नावाबाबत तीन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. शब्द कोणत्या भाषेचा? तो नाव म्हणून कोणी आणि कशासाठी दिला? आणि तो कोणी टिकविला? पहिल्याचे उत्तर कोशात मिळते, दुसऱ्याचे इतिहासात आणि तिसऱ्याचे समाजात. नावांच्या पुस्तिका पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देतात, तेही अपुरे; आणि आपण त्यावरून उरलेल्या दोन्हींचा निकाल लावतो. वाद येथे जन्म घेतात.

वर्गात याचा उपयोग सहज करता येईल. विद्यार्थ्यांना आपापल्या घरातील तीन पिढ्यांची नावे लिहायला सांगावीत आणि प्रत्येक नावापुढे हे तीन प्रश्न मांडावेत. गोंडी, मराठी, हिंदी, उर्दू सर्वच घरांतील नावे याच पद्धतीने तपासावीत. केवळ मुस्लिम विद्यार्थ्यालाच नावाचा खुलासा विचारला जाऊ नये. मुस्लिम नावांबाबत शक्य असेल तेथे घरातील वडीलधाऱ्यांकडून उर्दू अक्षरलेखन लिहून घ्यावे. कारण ‘हकीम’ आणि ‘हाकीम’ यांत ज्ञानी व राज्यकर्ता एवढा फरक पडतो, आणि देवनागरीत एका कान्याच्या चुकीने तो नाहीसा होतो. मराठी, हिंदी आणि इंग्रजी कागदपत्रांत एकाच मुलाचे नाव तीन तऱ्हांनी नोंदले जाते आणि त्याचा त्रास पुढे त्यालाच भोगावा लागतो, हे प्रवेशाच्या वेळी ध्यानात ठेवावे.

बख्त बुलंद शाहाबाबत सांगायचे तर गोंड विद्यार्थ्याने त्याला आपला पूर्वज म्हणावे आणि मुस्लिम विद्यार्थ्यानेही आपला म्हणावे, यात कसलाही विरोध नाही. तो गोंड होता आणि त्याने इस्लाम स्वीकारला होता, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. यांपैकी एक विधान पुसण्यासाठी त्याच्या नावाचा पुरावा दिला जात असेल तर तो पुरावा ग्राह्य धरता येत नाही, एवढे आपण विद्यार्थ्यांना साधार सांगू शकतो. पांढुर्णा जिल्ह्याच्या स्थानिक इतिहासाची जी पाठ्यसामग्री पुढील काळात तयार होईल, तिच्यात हे नाव ‘बख्त बुलंद’ असे शुद्ध लिहिले जावे आणि त्याचा अर्थ ‘उंच नशिबाचा’ असा पूर्ण दिला जावा, अशी अपेक्षा आहे.